संशय कुणावर?

पोलीस पाटलाच्या पदासाठी मी अर्ज केला, तो खरं सांगायचं तर घरी बसून कंटाळा आला होता म्हणून. धाकटा मुलगा शाळेत जायला लागला होता. नवरा सकाळी कंपनीच्या बसनं रांजणगावला जायचा, तो दिवेलागणीला परतायचा. मी दौंडच्या कॉलेजातून बी. ए. झालेली, आणि त्या पदवीचा उपयोग आतापर्यंत फक्त लग्नपत्रिकेत नावापुढे छापण्यापुरता झाला होता. त्या खेपेला आमच्या गावचं पद महिलांसाठी राखीव निघालं. आम्ही तिघींनी परीक्षा दिली आणि माझी निवड झाली. दुसऱ्या दिवसापासून गावातले लोक माझ्या नवऱ्याला "काय पाटील, कसं काय" म्हणून हाका मारू लागले. तो बिचारा दर वेळी सांगायचा, "मी न्हाई, ती हाय."

आमचं गाव भीमेच्या काठी, शिरूर तालुक्याच्या अगदी टोकाला. पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो, आणि तिथं ठाणंही दुसरं लागतं. नदीच्या बाजूला सगळा ऊस. उसाच्या मधोमध बंगले, बंगल्यापुढे मोठाल्या गाड्या, गाड्यांशेजारी ट्रॅक्टर. गावाच्या दुसऱ्या अंगाला, कालव्यापलीकडे, गायरान आहे. तिथं बारा-तेरा झोपड्यांची वस्ती होती. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स उतरवले की वस्तीवरचे लोक ते मागून न्यायचे आणि छपरावर टाकायचे. त्यामुळे लांबून पाहिलं तर प्रत्येक छपरावरून कुणीतरी हात जोडून हसतंय असं दिसायचं. वस्तीवर नळ नव्हता आणि वीजही नव्हती. माणसं पिढ्यान् पिढ्या याच तालुक्यात फिरत आलेली, पण निम्म्यांकडे रेशन कार्ड नव्हतं आणि जातीचा दाखला तर कुणाकडेच नव्हता.

माझ्या आधीच्या पोलीस पाटलांनी निवृत्त होताना एक जाडजूड रजिस्टर माझ्या हवाली केलं. त्यात गावातल्या चोऱ्यांच्या खबरींची नक्कल होती. कुणाची शेळी, कुणाची मोटार, कुणाचं स्टार्टर. प्रत्येक खबरीच्या शेवटी एक ओळ असायची : संशय कुणावर? आणि तिच्यापुढे, पानामागून पान, त्याच वळणदार अक्षरात एकच उत्तर होतं. 'गायरान वस्तीवरील इसमांवर.' मी ते वाचलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

माझ्या कारकिर्दीतली पहिली चोरी फेब्रुवारीच्या शेवटी झाली. गावात एक मोठे बागायतदार होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांची नदीवरची दहा हॉर्सपॉवरची मोटार गेली. आबा स्वतः माझ्या अंगणात आले. मी चुलत सासऱ्यासारखा मान देऊन त्यांना खुर्ची दिली.

"सूनबाई, मोटार गेली. दुसरं कोण असनार? लिहा."

मी घरातच बसून खबर लिहिली. नदीवर गेले नाही. शेवटच्या ओळीपुढे रजिस्टरातलं वाक्य जसंच्या तसं उतरवून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवरून दोन माणसांना चौकशीसाठी नेलं. त्यातल्या एकाची बायको माझ्याच वयाची, आमच्या रानात खुरपायला यायची. मी तिला अगं-तुगं करायची, ती मला ताई आणि तुम्ही म्हणायची. ती आपल्या धाकट्याला कडेवर घेऊन ठाण्याच्या बाहेर जाऊन बसली आणि तीन दिवस तिथंच राहिली. चौथ्या दिवशी माणसं सोडली. तिचा नवरा लंगडत परत आला. काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी त्याला विचारलंही नाही.

नंतर मला समजलं की त्या तीन दिवसांत तिच्या मुलीचा दहावीचा पेपर होता. त्या वस्तीवरून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. घरी शेळ्या, दोन लहान भावंडं, आई-बाप दोघंही नाहीत. ती पेपरला गेली नाही.

जूनमध्ये पावसाळ्याआधी बंधाऱ्याचे पाणी अडवणारे ढापे काढले आणि नदीचं पाणी उतरलं. तेव्हा आबांची मोटार सापडली. काठापासून पंधरा-वीस पावलांवर, गाळात रुतलेली. फेब्रुवारीत वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं, तेव्हा काठ ढासळून मोटार आत गेली होती. काठावर राहिलेली केबल मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेऊन पाहिली. तिचं टोक ओढून तुटलेलं होतं. चोर केबल कापतो. खबर लिहिली तेव्हाच मी उठून नदीपर्यंत गेले असते तरी हे दिसलं असतं.

"चला, घावली ब्वा," आबा म्हणाले. ट्रॅक्टरला दोर बांधून मोटार वर ओढली, माणसं हसली, आणि जो तो आपापल्या कामाला गेला.

मी चार दिवस वस्तीवर जायचं टाळलं. पाचव्या दिवशी गेले. ती बाई झोपडीपुढे ज्वारी पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की मोटार सापडली, चोरी झालीच नव्हती, आणि वस्तीचं नाव मी लिहिलं होतं.

ती पाखडायची थांबली नाही. "आमाला ठाव हाय ताई," म्हणाली. "मोटार सापडली तवा पोरं नदीवरच व्हती."

"चूक झाली माझी."

आता तिनं सूप खाली ठेवलं. "तुमी आलात तरी. हितवर कोन येत न्हाई सांगायला." मग आतल्या अंगाला मान करून म्हणाली, "हिचं काय करायचं त्ये सांगा. कागद लिवायचं तुमाला येतं ना?"

मुलगी दारात उभी होती. जुलैच्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. म्हणजे थेट पुढचा मार्च. वर्षभर मी तिला आठवड्यातून दोनदा आमच्या ओसरीवर बोलवत राहिले. मोठं उपकाराचं काम करते आहे अशा थाटात मी सुरुवात केली, पण गणित मलाच येत नव्हतं. ती पुस्तकातून स्वतः सोडवायची आणि मला समजावून सांगायची. माझ्या सासूबाई आधी तिला चहा वेगळ्या कपात द्यायच्या. हिवाळा सरता सरता तो कप कुठं गेला ते कुणी विचारलं नाही. मार्चमध्ये ती पास झाली आणि अकरावीला मांडवगण फराट्याला जाऊ लागली.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत होते. आमच्या लहानपणी मालधक्क्यावर गव्हाची पोती उतरायची, आणि पोती हलली की काही बाया झाडू घेऊन यायच्या, सांडलेला गहू झाडून घेऊन जायच्या. रेल्वेचे शिपाई शिट्ट्या मारत त्यांच्या मागे धावायचे. मी वडिलांना एकदा विचारलं होतं, त्या चोर आहेत का. वडील म्हणाले, "रोज दुपारी बारा वाजता सगळ्यांसमोर येतात, त्यांना चोर कसं म्हणायचं?" मग थोडं थांबून म्हणाले, "पण मी शिपाई असतो तर मीही धावलो असतो." वडिलांची नोकरी होती, आम्हाला क्वार्टर होतं, दर महिन्याला पगार होता, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात तेवढ्यावरच संपला. पोलीस पाटील झाल्यावर तो मला पुन्हा पुन्हा पडू लागला.

आमचे सासरे सांगायचे की त्यांच्या तरुणपणी गावात सगळेच कोरडवाहू होते, आणि घराला कुलूप लावायची पद्धत नव्हती. पुढे नदीला बारमाही पाणी राहू लागलं, ऊस आला, कंपन्या आल्या. ज्याची जमीन रस्त्याला लागून होती त्याच्या घरी एका वर्षात संगमरवर आला. ज्याची आत होती तो होता तिथंच राहिला. दोघंही एकाच आजोबांचे नातू. गरिबी तेव्हाही होतीच, आजच्याहून जास्त होती. पण शेजाऱ्याच्या आणि आपल्या ताटात इतका फरक नव्हता. हे सगळं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. एका गावात बसून माणसं पाहिली, तेवढ्यावरून बोलते आहे.

मोटार सापडली त्यानंतर दोन वर्षांनी खऱ्या चोऱ्या सुरू झाल्या. नदीवरच्या मोटारींच्या तांब्याच्या केबली जाऊ लागल्या. एका आठवड्यात तिघांच्या, पुढच्या आठवड्यात आणखी चौघांच्या. ऐन उन्हाळ्यात ऊस वाळायला लागला. या खेपेला मी प्रत्येक ठिकाणी नदीपर्यंत चालत गेले. टोकं स्वच्छ कापलेली होती.

ग्रामपंचायतीपुढे लोक जमले. आबांची सगळ्यात लांब केबल गेली होती, त्यामुळे तेच पुढे बोलत होते.

"सूनबाई, गावाच्या वतीनं खबर लिहा. संशयाच्या जागी काय लिहायचं त्ये तुमाला ठाव हाय."

"मला माहीत नाही, आबा. म्हणून मी तसंच लिहिणार आहे. माहीत नाही."

"आता तुमाला त्येंचा पुळका आला," मागून कुणीतरी म्हणालं. "पोरगी शिकवता न्हवं."

"दोन वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं," मी म्हणाले. "मोटार गाळात होती."

 बैठक उठली तेव्हा लोक मला टाळून निघून गेले. घरी आले तर नवऱ्याच्या कानावर सगळं गेलेलं. तो म्हणाला, "खरं ते लिही. फक्त आठ दिवस डेअरीवर दूध घालायला तू जा. मला लोकांची बोलणी ऐकवत न्हाईत." मी गेले. डेअरीवर रांगेत माझ्या पुढच्या-मागच्या बाया दुसरीकडे बघत उभ्या राहायच्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी वस्तीवरची ती बाई आमच्या दारात आली. सोबत तिची मुलगी होती. मुलीला नुकतंच अठरावं संपलं होतं, अंगावर कॉलेजचा ड्रेस होता.

"ताई, केबल जाळायची जागा घावलीय. शेळ्या चारताना बघितली. चला."

"कुठं?"

"बंद गुऱ्हाळाच्या मागं."

ते गुऱ्हाळ आबांच्या भावकीतलं, भावाच्या वाटणीला आलेलं. तीन वर्षांपासून बंद पडलेलं. मी तिला विचारलं, "यात तुमच्यातलं कुणी असलं तर?"

तिनं मुलीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "आसंल बी. त्याला धरा. खरं ज्यानं केलं त्येचंच नाव लागू द्या. न्हाईतर परत समद्या वस्तीला नेत्यात."

मी ठाण्यात फोन केला. दुपारी हवालदार मोटारसायकलवर आले. ते बदली होऊन इथं आल्याला महिनाच झाला होता. गुऱ्हाळामागे जमीन काळी पडली होती, रबर जळाल्याचा वास अजून मातीला येत होता, वितळलेल्या प्लॅस्टिकच्या गुठळ्या पडल्या होत्या. पिकअपच्या चाकांच्या खुणा गुऱ्हाळाच्या फाटकापासून आत आल्या होत्या. त्या फाटकाला कुलूप होतं, म्हणजे चावी असणाऱ्यानंच ते उघडलं होतं. पाहायला जमलेल्या वीस-पंचवीस जणांच्या हे एकदमच ध्यानात आलं असावं.

हवालदार म्हणाले, "पंचनामा करायचाय. दोन पंच पाहिजेत. कोण येतं?"

एकाला आठवलं की लाईट आली आहे, रानात पाण्याची दारं धरायला जायचं आहे. दुसऱ्याची म्हैस व्यायला झाली होती. पाच मिनिटांत गुऱ्हाळामागे हवालदार, मी, त्या मायलेकी आणि दुधाचा टेम्पोवाला, एवढीच माणसं उरली. टेम्पोवाला नदीपलीकडून, दौंड तालुक्यातून रोज दूध न्यायला यायचा आणि गर्दी पाहून थांबला होता. तो म्हणाला, "मी व्हतो साहेब. माझं हितं कोन न्हाई, मला कुनाची भीती?"

"आणखी एक पाहिजे. मॅडम, तुम्ही चालणार नाही, तुम्ही खबर दिलीत."

मी मुलीकडे बोट केलं. "ही आहे."

हवालदारांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे. "वस्तीवरची?"

"सज्ञान आहे. लिहिता-वाचता येतं. आणखी काय लागतं, साहेब?"

ते जरा घुटमळले, मग आधार कार्ड मागितलं. तिच्या दप्तरात होतं. त्यांनी मोबाइलवर जागेचं चित्रीकरण केलं, खुणा मोजल्या, गुठळ्या पिशवीत भरून सील केल्या आणि गुऱ्हाळाच्या ओट्यावर बसून लिहायला घेतलं. अर्ध्या तासानं कागद टेम्पोवाल्यापुढे केला. त्यानं झटकन सही ठोकली. मग कागद मुलीपुढे आला.

तिनं पेन घेतलं नाही. उभ्या उभ्या वाचायला लागली. हवालदार म्हणाले, "अगं, सही कर. बाकी सगळं बरोबर आहे."

"वाचते साहेब."

ती ओठ हलवत शेवटपर्यंत वाचत गेली. मग मजकुरात परत वर येऊन एका ओळीवर बोट ठेवलं. "हितं लिवलंय, 'गायरान वस्तीलगतच्या पडीक जागेत'. ही जागा वस्तीलगत न्हाई. वस्ती कालव्याच्या पलीकडं हाय. आन् ही पडीक बी न्हाई, गुऱ्हाळाची हाय. गट नंबर हाय हिला."

हवालदारांचा चेहरा उतरला. मला वाटतं त्यांनी मुद्दाम तसं लिहिलं नव्हतं. महिनाभर ठाण्यातले जुने कागद उतरवून हात त्या वाक्याला सरावला होता, जसा एके काळी माझा सरावला होता.

"एवढ्यानं काय फरक पडतो?"

मुलगी खाली बघत बोलली. "माझ्या बाबांनी ठाण्यात असाच कागद न वाचता अंगठा दिला व्हता. फरक पडतो."

 हवालदारांनी ती ओळ खोडली, बाजूला आद्याक्षरं घातली, मला गट नंबर विचारला आणि नव्यानं लिहिलं. "आता वाच," म्हणाले. तिनं पुन्हा वाचलं आणि सही केली. मराठीत, पूर्ण नाव, आईच्या नावासकट. तिची आई इतका वेळ टेम्पोला टेकून उभी होती. ती जवळ आली, सही बघितली, आणि पदराला हात पुसून तिनं मुलीच्या दप्तराचा पट्टा नीट केला. 

पुढचा तपास फार लांबला नाही. पिकअप सापडली, पिकअपवरून नदीपलीकडच्या रस्त्यावरचा एक भंगारवाला सापडला, आणि त्यानं दोन नावं सांगितली. एक आबांचा सख्खा पुतण्या. दुसरा वस्तीवरचा एक तरुण, मुलीच्या घरापासून चार झोपड्या सोडून राहणारा. दोघं एकाच कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होते, तिथं ओळख झाली होती. गावात सगळे त्यांना वेगळ्या जगातली माणसं समजत होते, पण कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ते सात महिने एका टेबलावर जेवत होते.

दोघं धरले गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्याकडे आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी चहा ठेवला. पुतण्याचं नाव मागे घ्यायला सांगतील म्हणून मनात शब्द जुळवून ठेवले होते. त्यांनी तसं काही म्हटलं नाही.

"त्याच्या चुलतभावाची जमीन रस्त्याला गेली," ते म्हणाले. "त्यानं गाडी घेतली, बंगला बांधला. हा रोज गोठ्यातनं त्यो बंगला बघायचा. मी म्हनलं व्हतं, तुला काय कमी हाय? दोन येळंला जेवतोस. त्यो म्हनला, आबा, जेवान न्हाई मागत मी." आबांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत. "मला वाटलं व्हतं चोरी उपाशी मानूस करतो."

मी बिस्किटांची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"पंचनाम्यावर सही कुनी केली म्हनं?"

मी सांगितलं.

"तिच्या बापाला मीच न्यायला लावलं व्हतं."

"लिहिलं मी होतं, आबा."

"व्हय. दोघांनी मिळून." त्यांनी चहा संपवला, टोपी घातली आणि गेले.

महिनाभरानं दोघांना जामीन मिळाला. वस्तीवरचा तो तरुण मला भेटायला आला, कारण ठाण्यात हजेरीचे कागद समजावून घ्यायचे होते. मला त्याच्यावर राग होता. त्याच्यामुळे वस्तीचं नाव पुन्हा खराब झालं, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं.

"ताई, कंपनीत मला कोन इचारत न्हवतं कुठला म्हनून. कार्ड गळ्यात घातलं की समदे सारखे. बिहारची पोरं व्हती, 'भैया' म्हनायची. सात महिनं झालं की ठेकेदार ब्रेक द्येतो, घरी बसवतो. गेटच्या भाईर आलो आन् परत वस्तीवरचा झालो. गावात शिरलो की लोक खिशाकडं बघायचे." मग म्हणाला, "केलं ते चुकीचंच केलं. पर सांगतो तुमाला."

मी त्याला मांडवगणात मोटार रिवायंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराला सगळं खरं सांगितलं, केससकट. तो हसून म्हणाला, "तांब्याची वळख तर हाय म्हनायची." आठ दिवस बघतो म्हणून त्यानं ठेवून घेतलं. त्याला आता तीन वर्षं होतील. गावातल्या जळालेल्या मोटारी तोच भरतो, आणि ज्यांच्या केबली गेल्या होत्या त्यांच्याही. सुरुवातीला लोक मोटार टाकून तिथंच उभे राहायचे, काम होईपर्यंत हलायचे नाहीत. आता ठेवून जातात.

मुलगी बारावी झाली आणि मांडवगणातल्याच एका सेवा केंद्रात फॉर्म भरायला बसते. तिनं पहिल्या सहा महिन्यांत वस्तीवरच्या सगळ्यांची रेशन कार्डं काढली. जातीच्या दाखल्यांना जास्त वेळ लागला, कारण जुना पुरावा कुणाकडेच नव्हता. तहसीलला जाऊन तिनं गृहचौकशीचा अर्ज दिला, तिथला माणूस वस्तीवर आला, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. जबाब देणाऱ्यांत गावातलं कुणीतरी हवं होतं, ही माणसं इथं किती वर्षं आहेत ते सांगणारं. आबा आले. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तासभर सांगत राहिले, कुणाचा बाप कुणाच्या रानात राखणीला होता, कुणाची आज्जी कुठल्या दुष्काळात कुठल्या बांधावर होती. मी चकित होऊन ऐकत होते. ही सगळी माणसं त्यांना नावानं, कुळानं, पाठ होती. कधी कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

वस्तीच्या नळाची पाइपलाइन आबांच्या उसातून न्यावी लागणार होती आणि तो ठराव चार वर्षं अडून होता. त्यानंतरच्या पावसाळ्याआधी त्यांनी संमतीपत्र दिलं. फार गाजावाजा झाला नाही. ग्रामसेवकानं वाचून दाखवलं, लोकांनी माना डोलावल्या.

गावात चोऱ्या थांबल्या असं मी म्हणणार नाही. मागच्याच महिन्यात एकाच्या सोलर पंपाची वायर गेली. बंगले आणखी उंच झालेत. वस्तीवर नळ आला तरी गटार नाही. पण कुणाचंही नाव लिहिण्याआधी आता मी जागेवर जाते, आणि माझ्यासोबत येणारेही चार-पाच जण असतात. त्यात वस्तीवरचं कुणीतरी असतंच. मायलेकींपैकी आईला तर आता नजरेनंच कळतं, टोक कापलंय की तुटलंय. मी तिला अहो-जाहो करायचा प्रयत्न केला, तर तिला हसू आलं. शेवटी आम्ही दोघी एकमेकींना अगं म्हणतो.

परवा शिरूरला तहसीलमध्ये माझी बैठक होती. ती लवकर उरकली म्हणून कोर्टाजवळच्या टपरीवर चहा घ्यायला थांबले, तर बाकावर आबांचा पुतण्या आणि तो रिवायंडिंगवाला, दोघं एका ताटलीत भजी खात बसले होते. तारीख होती त्यांची. पुढची मिळाली होती. पुतण्यानं उठून मला जागा दिली.

"दोघं सोबत आलात?" मी विचारलं.

"तारीख एकच, कोर्ट एकच, काकी. दोन गाड्या कशाला?"

रिवायंडिंगवाला भजी पुढं करत म्हणाला, "पुढच्या खेपेला तिची साक्ष हाय म्हनं. पंचनाम्याची. एसटीनं यायचं म्हंजी तिचा आख्खा दिवस जाणार. आमी जीप सांगितलीय, तिला बी घेऊन येऊ का?"

मला आधी कळेना तो काय म्हणतो आहे. मग मी पोट धरून हसले. टपरीवाल्यानं वळून बघितलं.

"अरे, ती तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला येणार आहे."

"व्हय, ठाव हाय की," तो म्हणाला. "खरं त्येच सांगनार ती. पर ऊन लई हाय."

"नको," मी म्हणाले. "तिला मी आणते. तुम्ही तुमचे या, वेळेवर या."